प्रवासाची सुपारी

१

आमच्या घराण्यात कोणी लांबच्या प्रवासाला निघाले, की देवघरातल्या पाटावर मूठभर तांदूळ ठेवून त्यावर एक सुपारी मांडतात. ती सुपारी म्हणजे तो प्रवासी. तो मुक्कामी पोचेपर्यंत तिला देवांबरोबर पाणी, गंध आणि फूल मिळते. पोचल्याचा निरोप आला की उत्तरपूजेच्या अक्षता वाहायच्या आणि सुपारी किंचित उत्तरेकडे सरकवायची. सुपारी हलली, की देवाने पत्करलेली राखण संपली. निरोपाआधी ती हलवू नये आणि एकदा हलवली की त्या प्रवासासाठी पुन्हा मांडू नये, असा दंडक आहे. माझ्या वडिलांनी ती बैलगाडीच्या प्रवासासाठी मांडली, मी रेल्वेच्या प्रवासासाठी मांडली. दाराशीही आम्ही एक रीत पाळतो. निघणाऱ्याला 'जा' म्हणायचे नाही, 'ये' म्हणायचे. माझे सहस्रचंद्रदर्शन तोंडावर आले होते, आणि एवढ्या आयुष्यात या उंबरठ्यावरून मी कोणालाही 'जा' म्हटलेले नव्हते.

त्या सोहळ्यासाठीच माझी नात तृप्ती यायची होती. चार वर्षांपूर्वी ती मेलबर्नला गेली, तिथेच नोकरीला लागली. निघण्याच्या आधी फोनवर आमचे बोलणे झाले.

"किती लांब आहे गं ते तुझं गाव?" मी विचारले.

"नऊ हजार आठशे किलोमीटर, आजोबा. सरळ मुंबईचं विमान आहे. तेरा तास."

"तेरा तासांत आपली एसटी अंबडहून पुण्याला जाऊन कशीबशी परत येते."

"मंग काय! तिला मध्ये चहाला थांबावं लागतं ना." ती हसली. तिकडे राहूनही तिचे 'मंग' सुटले नव्हते, याचे मला बरे वाटे.

"आणि ते तेरा तास तू कुठं असतेस?"

"विमानात."

"विमान कुठं असतं?"

"वर," ती म्हणाली. "आजोबा, असले प्रश्न विचारत जाऊ नका. मला विमानात झोप लागत नाही."

तिने तिकडूनच माझ्या मोबाइलवर एक नकाशा पाठवून दिला. त्यावर तिचे विमान पिवळ्या चिन्हाने दिसणार होते आणि खाली उरलेले अंतर व उरलेला वेळ हे दोन आकडे. मी त्याला हसलो. परंतु ज्या दिवशी ती निघाली, त्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी सुपारी मांडून झाल्यावर मी प्रथम तोच नकाशा उघडला. चिन्ह सागरकिनाऱ्यावरून नुकतेच सुटले होते. मी नाम घेऊ लागलो. माळेचा मणी ओढावा आणि आकड्याकडे पाहावे, असे चालले होते. हे नामस्मरण नव्हे हे मला कळत होते, तरी डोळे ऐकत नव्हते.

२

माझा मुलगा रामकिसन आणि सून उषाबाई तिला आणायला आदल्या दिवशीच गाडी घेऊन मुंबईला गेले होते. घरी मी आणि स्वयंपाकाला येणारी कांताबाई, एवढेच होतो. विमान दुपारी उशिरा उतरायचे होते, आणि मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडला पोचायची होती.

दुपारी बाराच्या सुमारास मी नैवेद्य दाखवीत होतो. ताटाभोवती पाणी फिरवले, डोळे मिटले, आणि अंगणाच्या फाटकाची कडी वाजली.

आमच्या फाटकाची कडी जड आहे. परका माणूस ती आपटतो. घरचा माणूस आधी थोडी उचलतो आणि मग सरकवतो, त्यामुळे तिचा आवाज दोन तुकड्यांत येतो. तो तसाच दोन तुकड्यांत आला. मग पावले. पावले उंबरठ्यापाशी थांबली. मी डोळे उघडून वळून पाहिले, तेव्हा तृप्ती वाकून उंबरठ्याला हात लावत होती. तो हात तिने कपाळाला लावला आणि उजवे पाऊल आत टाकले. ती चार वर्षांची असताना हे मी तिला शिकवले होते.

"आजोबा, आले," ती म्हणाली.

तिचा चेहरा उतरलेला होता, पण तो रात्रभर न झोपलेल्या कोणाचाही असतो. ती सरळ देवघराशी आली, नमस्कार केला, आणि नैवेद्याच्या वाटीतला खडीसाखरेचा एक खडा उचलून डाव्या गालात टाकला. मग दाताखाली कडकन फोडला. लहानपणीही ती खडा कधी विरघळू देत नसे. दात जातील म्हणून मी ओरडायचो, आणि ती दुसरा खडा उचलायची.

"अगं, तुझं विमान तर..."

"आले ना मी."

"आईबाबा कुठं आहेत? सामान कुठं आहे तुझं?"

"सामान मागून येतंय," ती म्हणाली.

कांताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "अगं माय! आली का माझी बाई? बापू, तुमी तं उद्या म्हनून राह्यल्ते!" तिने तांब्याभर पाणी आणून दिले. तृप्तीने ते उभ्यानेच, तोंडाला न लावता, वरून प्यायले. "तिकडं काही खायला न्हाई भेटत का गं? निस्ती काडी झालीस."

"झोपते थोडं," तृप्ती म्हणाली आणि आपल्या जुन्या खोलीत गेली.

हल्लीच्या मुलांना न सांगता अचानक येण्याची फार हौस असते. आधीच्या एखाद्या विमानाने आली असेल, आईबापांना चकवून पुढे आली असेल, असे माझ्या मनाने पटापट जुळवून टाकले. आनंदात माणूस जमाखर्च विचारत नाही. पोचल्याचा निरोप कशाला हवा, प्रवासी स्वतःच घरात होता. मी हात धुतले, अक्षता घेतल्या, उत्तरपूजेचा मंत्र म्हटला आणि सुपारी उत्तरेकडे सरकवली.

३

मग रामकिसनला कळवावे म्हणून मोबाइल हातात घेतला. पडद्यावर पहाटेपासून उघडा असलेला नकाशाच आला.

विमान समुद्रावर होते. श्रीलंकेच्याही पलीकडे, आग्नेयेला, निळ्या रंगात ते पिवळे चिन्ह होते. उरलेले अंतर तीन हजार किलोमीटरांच्या आसपास होते.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. विमान उडते आहे यात भिण्यासारखे काय होते? विमान शेकडो लोकांचे असते. तृप्ती त्यात नव्हती, एवढेच. ती दुसऱ्या विमानाने आली. असे स्वतःला सांगत मी अंगणात आलो. फाटक लावलेले होते. बाहेर गाडीच्या चाकांची खूण नव्हती.

समोरच्या ओट्यावर सुगनबाई मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांचे कापडाचे दुकान ओट्याला लागूनच आहे. त्यांच्या नजरेतून आमच्या गल्लीतले मांजरही सुटत नाही.

"बापूजी, धूप में काहून उभे राह्यले? तृप्ती कल आयेगी ना?"

"आत्ता कोणी आलं का हो आमच्याकडे? रिक्षा वगैरे?"

"कोन आनार? मी सकाळपासून इथंच बसेल हाय. तुमच्या दारात चिडी पन न्हाई आली." मग त्या हसल्या. "नातीची राह पाहून पाहून भ्रम झाला तुम्हाला. जाओ, आराम करो."

मी आत आलो. तेवढ्यात रामकिसनचाच फोन आला.

"बापू, जेवले का? आम्ही विमानतळावर येऊन बसलो. तृप्तीनं पहाटे विमानात बसल्यावर फोटो टाकला होता, तुम्हाला दाखवायचाच राहिला. आता पाठवतो बघा."

फोटो आला. खिडकीजवळच्या आसनावर तृप्ती बसली होती. कमरेला पट्टा, अंगावर विमानातली पातळ निळी चादर, चेहऱ्यावर झोप. खिडकीबाहेर दुसऱ्या विमानाचे शेपूट दिसत होते.

"दिसला का, बापू?"

"दिसला," मी म्हणालो.

ती इथे आहे, हे मी सांगितले नाही. काय सांगणार होतो? विमानतळावर लेकीची वाट पाहत बसलेल्या आईबापांना, तुमची लेक आतल्या खोलीत झोपली आहे, हे कोणत्या शब्दांत सांगायचे असते? आणि तसे सांगितले, तर जी वर आहे ती कोण, हे त्यांनी विचारले असते.

४

मी देवघरासमोर बसलो. सरकवलेली सुपारी तांदळाच्या कडेला, अर्धी पाटावर उतरून, कोणाचीच नसल्यासारखी पडली होती. मोबाइल मी मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने पाहिले, तर आकडा वाढला होता.

मी तो चुकीचा वाचला असेन. पुन्हा वाचला. तीन हजार चारशे. वारा उलटा असेल; विमानाला वळसा घ्यावा लागला असेल. मी माळ घेतली, नाम घेऊ लागलो, शंभर वेळा घेतल्याशिवाय पाहायचे नाही असे ठरवले, आणि पंधरा मणी ओढून पाहिले. तीन हजार आठशे. विमान परत फिरले असावे. परंतु चिन्ह फिरले नव्हते. त्याचे तोंड मुंबईकडेच होते. तोंड आमच्याकडे होते आणि सरकत ते मागे होते, जसे झोपलेल्या माणसाला कोणी पाय धरून अलगद ओढत न्यावे.

कांताबाई भांडी आवरून निघाली. "बापू, पोरगी उठली न्हाई अजून. म्या हाक मारली दोनदा. जेवन झाकून ठेवलं. खोलीत जाम गारठा सुटलाय बघा. पंखाबी बंद हाय."

"तू पाहिलीस ना तिला? नीट?" मी विचारले.

"आता पाहिली म्हंजे? पानी देल्तं की म्या!" ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "तुमचं बराबर हाय ना बापू? वाटलं तं थांबते."

"नको. तू निघ. ये."

ती गेल्यावर घर रिकामे झाले, असे मला वाटायला हवे होते. पण घर भरलेले होते. एक बारीक, सलग घरघर कुठूनशी येत होती. प्रथम वाटले, पिठाची गिरणी चालली आहे. गिरणी त्या दिवशी बंद होती. मी स्वयंपाकघरात गेलो, तिथे आवाज कमी झाला. ओसरीवर गेलो, तिथे नव्हताच. खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात आलो आणि तो वाढला.

पुन्हा रामकिसनचा फोन आला. या वेळी त्याच्या मागे माणसांचा गोंगाट होता.

"बापू, देवापुढं बसा. विमानाचं नावच गेलं बोर्डावरून. चौकशीच्या खिडकीवर विचारलं तर कोणी काही सांगून नाही राह्यलं. दोन मिनिटं थांबा, दोन मिनिटं थांबा, बस. उषा रडून राह्यली. तुम्ही सुपारी मांडली होती ना?"

"मांडली होती," मी म्हणालो.

"मंग आहे ना ती? आहे ना जागेवर?"

मी फोन ठेवला. ऐंशी वर्षे ज्याच्या नावाने जगलो, त्याच्यासमोर मला त्या क्षणी मान वर करता येईना. प्रवासी वर असताना मी राखणदाराला घरी पाठवून दिले होते.

५

मी सुपारी उचलली आणि दंडक मोडून पुन्हा तांदळावर ठेवली. आवाहनाचा मंत्र सुरू केला. प्रवाशाचे नाव घेण्याची जागा आली, तिथे जीभ अडली. जी घरात झोपली आहे तिच्यासाठी प्रवासाची सुपारी कशी मांडायची? घरात असलेल्याचे आवाहन होत नाही. ती आत आहे तोवर ती वर नाही. आणि ती वर नसेल, तर जे विमान तिला घेऊन येत होते, ते कोणाला घेऊन येणार?

बोळातून मी तिच्या खोलीकडे गेलो. दार लोटलेले होते. मी उंबऱ्यावरून एक पाऊल आत टाकले आणि माझ्या कानांत दडे बसले.

आयुष्यात मी एकदाच विमानात बसलो आहे, काशीहून येताना. तेव्हा असेच झाले होते. कान बुजतात, आपलाच श्वास डोक्यात ऐकू येतो, आणि दूर कुठेतरी यंत्राची घरघर चाललेली असते. इथे ती दूर नव्हती. खाटेच्या लोखंडी नळीवर मी हात टेकला, तर नळी बारीक थरथरत होती. टेबलावरच्या तांब्यातले पाणी वर्तुळे काढत होते.

बाहेर अंबडचे भर दुपारचे ऊन होते. देवीच्या टेकडीकडून लाउडस्पीकरवरचे भजन मी बोळात असताना ऐकले होते. खोलीत ते नव्हते. खिडकीच्या काचेतून प्रकाश येत होता, पण तो वरून किंवा समोरून येत नव्हता. तो खालून येत होता, आणि छतावर पडला होता.

तृप्ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिच्या अंगावर एक पातळ निळी चादर होती. आमच्या घरात तशी चादर नाही.

"तृप्ती," मी म्हणालो.

"हं."

"बाळ, तू कशी आलीस?"

तिने चादर ओढून घेतली. मग तोंड न वळवता ती म्हणाली, "तुमची फार आठवण आली, आजोबा. तेरा तास बसवेना."

मला रडू आले. आवाज तिचाच होता. आतला आवाज माणसाला फसवत नाही, असे मी आजवर कीर्तनांतून ऐकत आलो, आणि माझा आतला आवाज मला सांगत होता, ही तुझी आहे. परंतु हातातल्या मोबाइलवर आकडा वाढत होता, त्याला मी काय करू?

"तुझे आईबाबा तिकडे वाट पाहताहेत, बाळ. विमान उतरत नाही."

"मी आले ना," ती म्हणाली. "मंग कोणाची वाट पाहून राह्यलेत?"

६

मी बाहेर येऊन पडदा पाहिला. सहा हजार. विमानाचे चिन्ह फिके झाले होते. नकाशा त्याच्या आरपार दिसू लागला होता. त्यात तृप्तीप्रमाणे आणखी किती जण खिडकीशी बसलेले असतील, त्यांच्या घरी कोण मोबाइल धरून बसले असेल, हे विचार मनात आले. शेवटी मात्र मला फोटोतली एकच मुलगी दिसत राहिली. कमरेला पट्टा बांधलेली, मागे मागे सरकणारी.

ती इथे आहे तोवर तिथे जाऊ शकत नव्हती. ती इथून निघाली पाहिजे, आणि निघताना तिला 'ये' म्हणून चालणार नव्हते. ये म्हटले की घर तिच्यासाठी उघडे राहते.

मी कितीतरी वेळ बोळात उभा होतो. देवाला म्हणालो, तूच सांग. त्याने सांगितले नाही. त्याचे मौन हा होकार की नकार, हे ओळखण्याची विद्या मी आयुष्यभर गिरवत आलो, आणि त्या बोळात मला तिचे एक अक्षर आठवेना. मोबाइल पुन्हा वाजू लागला. मी तो घेतला नाही. मी दाराशी गेलो. डोळे मिटले, कारण तिचा चेहरा वळला असता तर माझ्याने झाले नसते.

"तृप्ती," मी म्हणालो, "जा."

घरघर थांबली. इतकी एकाएकी थांबली, की माझे कान दुखले.

खाट करकरली. अनवाणी पावले माझ्या बाजूने गेली. वारा लागला, थंड, धातूचा वास असलेला.

"तुम्ही मला जा म्हणालात, आजोबा?"

मी डोळे उघडले नाहीत. पावले ओसरीवर गेली. उंबरठ्यापाशी थांबली. हात टेकल्याचा, बांगडी दगडावर टेकल्याचा आवाज आला. मग अंगण, मग फाटकाची कडी. दोन तुकड्यांत.

मी धावत देवघरात गेलो, सुपारी तांदळावर नीट बसवली, तिचे नाव घेतले, आवाहन केले. या वेळी जीभ अडली नाही.

मोबाइलवर विमानाचे चिन्ह गडद, पिवळेधमक, मुंबईच्या अगदी जवळ आलेले होते. उरलेले अंतर चारशे किलोमीटर.

"आलं, बापू! आलं बोर्डावर!" रामकिसन फोनवर ओरडत होता. "अर्धा तास लेट, बस. नुसता मशीनचा बिघाड होता म्हणे. लोक उगाच घाबरून राह्यले."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी थांबली. कांताबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आधीच उभी होती. रात्रीतून तिला काय वाटले कोण जाणे, ती मला एकही प्रश्न न विचारता आली होती.

तृप्ती गाडीतून उतरली. तोच चेहरा, तेच केस. मागच्या दारातून मोठ्या दोन पेट्या निघाल्या. उषाबाई थकलेल्या, पण आनंदात होत्या.

"विमानात काही खाल्लं नाही म्हणते, बापू. कानातले दडे अजून सुटले नाहीत तिचे. आणि रस्ताभर मागच्या काचेतून बघत होती. मी म्हटलं, अगं, पुढं बघ, घर पुढं आहे."

कांताबाईने भाकरतुकडा तृप्तीवरून ओवाळला. एकदा, दोनदा. मग तिचा हात थांबला.

"काल आल्ती ना गं तू?" ती हळूच म्हणाली.

"काय? ऐकू येत नाही नीट. सारखा आवाज येतोय," तृप्ती म्हणाली. "काल मी विमानात होते."

तिसऱ्यांदा कांताबाईचा हात वर गेला नाही. तुकडा तिने तसाच रस्त्यावर टाकला, पाणी ओतले आणि ती आत न येता घरी निघून गेली.

तृप्ती न वाकता, बुटासकट उंबरठ्यावर पाय देऊन आत आली.

चार वर्षे परदेशात राहिलेले मूल विसरते. मी हे स्वतःला सांगितले. खडीसाखरेची वाटी मी तिच्यापुढे धरली.

"नको, आजोबा. मी साखर खात नाही," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले, हसली. हसू बरोबर होते. सगळे बरोबर होते, जसे पाठ केलेले असते. मग तिने बोळाकडे बोट केले. "माझी खोली तीच ना?"

रामकिसन पेट्या उचलून आत नेत होता. "सामान ठेवतो गं तुझं," तो म्हणाला.

मी तृप्तीकडे पाहिले. सामान मागून येतंय, काल आलेली म्हणाली होती. देह हे ओझे, देह हे गाठोडे, असे मी आजन्म ऐकले, प्रवचनांत इतरांना सांगितले, आणि टाळ्या मिळवल्या.

८

आज चौथा दिवस आहे. दारात मंडप घातला आहे. तृप्ती जास्त झोपते, कमी बोलते. बोलते ते गोड बोलते. उषाबाई म्हणतात, वेळेचा फरक आहे, हळूहळू जाईल. त्या खोलीत आता घरघर नाही, गारठा नाही. काहीच नाही. तिथे उभे राहिले की रिकाम्या पेटीत वाकून पाहिल्यासारखे वाटते.

सकाळी उषाबाईंनी देवघर झाडताना विचारले, "बापू, ती आली ना. मंग सुपारी काहून ठेवली अजून तांदळावर?"

"असू द्या," मी म्हणालो. "निरोप यायचा आहे."

त्यांनी माझ्याकडे म्हाताऱ्याची कीव यावी अशा नजरेने पाहिले आणि रामकिसनबरोबर त्या आमंत्रणे द्यायला मंठ्याला निघून गेल्या.

मी नाम घेत बसलो आहे, आणि नामात मन नाही. जिला मी दारातून काढले, ती कुठे गेली असेल? तिला घेऊन जाणारे विमान तर इकडेच आले. नऊ हजार आठशे किलोमीटर, आणि पायांत चप्पलही नव्हती.

बारा वाजले. नैवेद्याचे ताट पुढे ओढले, पाणी फिरवले. डोळे मिटले नाहीत.

फाटकाची कडी वाजली. आधी थोडी उचलली गेली, मग सरकली.

मी उठलो. ऊन फार होते म्हणून पुढचे दार लोटून कडी घातलेली होती. पावले अंगण ओलांडून आली आणि थांबली. दाराखालच्या फटीतून मला उंबरठ्याचा दगड दिसत होता. त्यावर बाहेरून एक हात टेकला. धुळीने माखलेला, नखे तुटलेली. क्षणभर टेकला आणि वर गेला.

मी कडीला हात लावला.

माझ्या मागे, बोळात, तृप्तीच्या खोलीचे दार उघडले.

"आजोबा, उघडू नका," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मी आले ना."

माझा हात कडीवरच राहिला. मागे वळून पाहण्याचे बळ मला नव्हते. मी नाम घेऊ लागलो, पण ते ओठांशीच विझले, कारण दाराबाहेर, अगदी जवळ, कोणीतरी दाताखाली खडीसाखरेचा खडा कडकन फोडला.